हेलिकॉप्टरने गेलेला डबा

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी होईन. चिपळूणहून निघताना मी घरात जाहीर केलं होतं, की धाराशिव जिल्ह्यातल्या माझ्या मैत्रिणीच्या गावी मी लाल एसटीनेच जाणार, अगदी शेवटच्या मैलापर्यंत. असं जाहीर करणं मला भागच होतं. पुढाऱ्यांचे दौरे, त्यांची विमानं, त्यांचे गाड्यांचे ताफे यांवर मी कित्येक वर्षं वर्तमानपत्रांना पत्रं पाठवत आले आहे. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून तर आठवड्याला एक. छापून आलेली कात्रणं आमच्या फ्रिजवर चिकटवलेली असतात, आणि आमचे हे रोज सकाळी फ्रिज उघडताना "लोकशाही जिवंत आहे" असं म्हणून दुधाची पिशवी बाहेर काढतात.

तर सोलापूरच्या स्टँडवर मी उतरले, आणि लोहाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची गर्दी पाहिली. दुसऱ्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातल्या अमावास्येला या भागात येळवस म्हणतात आणि त्या दिवशी माणूस कुठेही असला तरी आपल्या रानात परततो. अख्खं सोलापूर घरी निघाल्यासारखं वाटत होतं. माझे गुडघे म्हणाले, बाई, तत्त्वं तुझी आहेत, आमची नाहीत. मी एक थंडगार, पांढरी, काचा बंद असलेली मोटार ठरवली आणि मागच्या सीटवर पाय लांब करून बसले. घरी कोण सांगतंय!

फाटा

मैत्रिणीच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नुसतं वाडी म्हणते. मुख्य रस्त्याला फाटा आहे आणि फाट्यापासून आत तीन किलोमीटर वाडी. मी ड्रायव्हरला फाट्याच्या थोडं अलीकडे, माणूसभर वाढलेल्या तुरीच्या आड गाडी थांबवायला सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, गावात सोडतो की, रस्ता चांगलाय." मी म्हटलं, "नको, मला चालायला आवडतं." माझ्या तोंडून एवढं धडधडीत खोटं गेल्या कित्येक वर्षांत निघालं नव्हतं.

फाट्यावर बाभळीखाली एक बाई बसली होती. शेजारी फडक्यांनी झाकलेल्या दोन दुरड्या. तिने एकदा तुरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी पदर नीट केला आणि वाडीच्या दिशेने चालू लागले.

काळ्याभोर जमिनीचा असा सपाट पसारा आमच्याकडे कोकणात बघायला मिळत नाही. आमच्याकडे नजर टाकली की ती डोंगरावर आपटून परत येते. इथे ती जातच राहते. ज्वारी कणसांवर आलेली, मधे हरभऱ्याचे हिरवे तुकडे, कडेने करडईचा पट्टा. त्या करडईत मी कौतुकाने हात घातला आणि काटे टोचून घेतले, हा प्रवासातला पहिला अपघात. अर्ध्या वाटेत महानंदाचे यजमान मोटारसायकल घेऊन समोर आले. त्यांना सगळी वाडी आप्पा म्हणते, म्हणून मीही म्हणते.

"चालत आलाव व्हय? फोन तरी करायचा की वो ताई!"

घरी पोचल्यावर महानंदाने पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "एसटीनं आलीस?"

"मग काय!" मी म्हटलं.

वाडी

महानंदा आणि मी पुण्याच्या वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत होतो. ती लग्न करून इकडे आली आणि मी चिपळूणला. पत्रांनी आणि नंतर फोनने मैत्री टिकली, पण तिच्या घरी मी पहिल्यांदाच येत होते. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग गूळ, आणि "जेवूनच जा" हे तो चपला घालायला लागल्यावर. महानंदाने मी बसायच्या आत ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं होतं. मी "पुरे" म्हटलं की ती आणखी वाढे. तिसऱ्यांदा मला कळलं की इथे "पुरे"चा अर्थ वेगळा धरतात.

घरात येळवशीची तयारी जोरात होती. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाचं ताक घालून आंबवलेलं, जिरं-लसूण लावलेलं पेय, ते मोठ्या मडक्यात मुरत होतं. भज्जी या मिसळीच्या भाजीसाठी हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे, पालेभाज्या यांचे ढीग पडले होते. महानंदा फडताळातून स्टीलचे डबे काढून ओळीने मांडत होती. प्रत्येक डब्यावर तिचं नाव कोरलेलं, काहींवर देणाऱ्याचंही. येळवशीला जेवून निघालेल्याला डबा भरून देतात, आणि तो डबा घेणाऱ्याने परत आणून द्यायचा. रिकामा नाही, काहीतरी घालून. कितीही दिवस लागोत, पण आणून द्यायचाच. "माज्या लग्नातला एकबी डबा हरवल्याला न्हाय," ती म्हणाली, आणि मला तिचा हेवा वाटला. आमच्या शेजारणीकडे माझी तीन पातेली गेली आठ वर्षं वस्तीला आहेत.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आली, डोक्यावर एक दुरडी आणि हातात एक. मी ताटावर मान खाली घातली. बाभळीखालची!

"ही शाहिदा," महानंदा म्हणाली. "आमच्या दोन घरं पलीकडं. बांगड्या भरती. हिच्या सासूनं माजा चुडा भरला हुता."

शाहिदा माझ्याकडे बघून हसली. "सलाम ताई," म्हणाली. बाकी काही नाही.

तिची हकीकत त्याच संध्याकाळी समजली. वाडीला पूर्वी सकाळ-संध्याकाळ एसटी येई. ओढ्यावरचा पूल वाहून गेला आणि गाडी बंद झाली. पूल पुन्हा बांधून झाला, त्याचं उद्घाटनही झालं, पण गाडी पुन्हा सुरू व्हायला जे शिफारशीचं पत्र हवं होतं ते साहेबांनी, म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांनी, काही लिहिलं नाही. बंगल्यावर तीनदा जाऊन आले लोक. त्यामुळे शाहिदा बाजाराच्या दिवशी दोन दुरड्या घेऊन फाट्यापर्यंत चालते आणि तिथून जीपमधे जागा मिळाली तर लोहाऱ्याला नाहीतर मुरुमला जाते. जीपमधे माणसावर माणूस. काचेच्या बांगड्यांचं काय होत असेल ते सांगायला नको.

"निम्म्या फुटत्यात," ती म्हणाली. "ल्योक म्हनतो, अम्मी, पुन्याला ये, सोड ते. म्या म्हनलं, येळवस हू दे, मंग सांगते. सासूनं दिल्याला धंदा हाय वो. टाकू वाटंना."

आणि नेमकं तेव्हाच ग्रामपंचायतीचा शिपाई निरोप घेऊन आला. साहेब उद्या वाडीत येणार. हेलिकॉप्टर नाही, मोटारी नाहीत, साध्या एसटीने! त्यांच्या पक्षाने 'साधा प्रवास' नावाचा दौरा काढला होता. दुपारी पारावर सभा.

आप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. "उद्या? आरं, येळवशीला गावात कुत्रं बी नसतंय! सायेब ह्याच जिल्ह्याचं न्हवं का?"

"म्हमईला ऱ्हात्यात," शिपाई म्हणाला. "इसरले असतील."

शाहिदाने दुरडीवरचं फडकं सारखं केलं. "येऊ द्या," ती म्हणाली. "गाडी येतीय ना? म्या इचारते त्यास्नी."

येळवस

सकाळी महानंदाने आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं आणि आम्ही सगळे रानात निघालो. वाडीला खरोखरच कुलपं. रानात मात्र गावच्या गाव उतरलेलं. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप केलेली, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. आप्पांनी पूजा केली, मग रानभर आंबील शिंपडत जी आरोळी दिली ती शेजारच्या रानाने उचलली आणि तिथून पुढच्या रानाने. मला त्यातला शब्द कळला नाही, पण अंगावर काटा आला.

पंगत बसायच्या आधीच आभाळात घरघर झाली. भज्जी ढवळणाऱ्या बायकांनी हात थांबवले, पोरांनी हात हलवले. एक हेलिकॉप्टर वाडीवरून गेलं आणि लांब लोहाऱ्याच्या बाजूला कुठेतरी खाली उतरलं.  आप्पांनी मिशी पुसली.

पुढची गंमत समजायला येळवशीचा मुख्य कायदा माहीत हवा. त्या दिवशी रानाजवळून जाणाऱ्या माणसाला हात करायचा आणि त्याने थांबून खायचं. ओळखीचा असो वा नसो, जातपात, पक्षपंथ काही नाही. न खाता पुढे जाणं म्हणजे त्या रानाचा अपमान. वाडीचा रस्ता तीन किलोमीटर आणि दोन्ही बाजूंना रानंच रानं. त्यात एसटीचा ड्रायव्हर मुरुमकडचा, गुरुनाथ नावाचा. तो हा कायदा मोडणार कसा? पहिल्या रानातून हात झाला, त्याने गाडी थांबवली. साहेब उतरले, खाल्लं, फोटो झाले. शंभर पावलांवर दुसरं रान. मग तिसरं. साहेबांचा सचिव मुंबईचा, तो दर वेळी ओरडत होता म्हणे, "अहो, इथे कशाला थांबवता?" त्यावर गुरुनाथचं एकच उत्तर: "येळवस हाय वो सायेब."

आमच्या रानाजवळ गाडी पोचली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि साहेबांचा चेहरा चौथ्या जेवणाला सामोरं जाणाऱ्या माणसाचा होता. पांढरेशुभ्र कपडे, पण मला सगळ्यात आधी दिसली ती त्यांची इस्त्री. एसटीच्या लांबच्या प्रवासाची एकही चुणी तिच्यावर नव्हती, म्हणजे साहेब एसटीत चढले ते फाट्यावर. फाट्याजवळ तुरीच्या आड काय उभं असणार, हे त्या रानात माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला नेमकं कळलं असेल असं वाटत नाही. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. माझं मलाच हसू आलं आणि लाजही वाटली.

साहेब आंब्याखाली बसले. कॅमेरावाला समोर. एका हातात आंबिलीचा पेला धरून त्यांनी भाषणच केलं. विरोधक आभाळातून येतात, त्यांना मातीचा रस्ता माहीत नाही. जनतेच्या घामाच्या पैशावर हेलिकॉप्टरं उडवतात. आम्ही मात्र जनतेच्या लाल गाडीतून फिरतो. एरवी अशा भाषणाने माझं डोकं उठलं असतं. पण हातात बाजरीच्या पिठाचा उकडलेला गरम उंडा, त्यावर भज्जी, वर कच्चं तेल. पोट एवढं सुखी असताना राग धरवत नाही.

आप्पा अगदी गरीब चेहऱ्याने पुढे सरकले. "सायेब, एक इचारू का? सकाळी वरनं एक इमान गेलं. लोहाऱ्याकडं उतारल्यालं दिसलं. त्यात कोन हुतं वो?"

 साहेबांनी पेला तोंडाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाले, "पायलट."

महानंदाने पदर तोंडात कोंबला. गुरुनाथ ठसका लागल्यासारखा करून बैलांकडे निघून गेला. आप्पा मान डोलावून म्हणाले, "आसंल, आसंल. त्यालाबी येळवस आसंल की." आणि साहेबांचा पेला पुन्हा भरला.

आंबील चढत नाही, पण झोप आणते. पाचव्या पेल्यानंतर साहेब घोंगडीवर कलंडले ते घोरू लागले. खरं सांगते, तेव्हा मला तो माणूस पहिल्यांदा आवडला. सचिव घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. अंधार पडला की हेलिकॉप्टर उडवता येत नाही, असं तो कुणाला तरी फोनवर दबक्या आवाजात सांगत होता. ते दबकं बोलणं साऱ्या रानाला ऐकू जात होतं.

साहेब जागे झाले तेव्हा समोर शाहिदा उभी होती. कॅमेरावाल्याला तिने स्वतःच हाताने बोलावून शेजारी उभं केलं होतं.

"सायेब, तुमी ज्या गाडीनं आलाव, ती लई बेस गाडी हाय," ती म्हणाली. "उद्या येनार का ती?"

साहेब अजून झोपेतच होते. सचिव म्हणाला, "बाई, त्याचा अर्ज..."

"अर्ज तीन दिलेत वो. म्या सायबास्नी इचारायलेय. तुमी म्हनलाव ना, आमी लाल गाडीतनं फिरतो? आमालाबी फिरायचंय. उद्या येनार का?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण ती कॅमेऱ्यासमोरून हलली नाही. माझा उंडा हातातच राहिला. साहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, शाहिदाकडे पाहिलं, भोवतीच्या गावाकडे पाहिलं.

"उद्यापासून," ते म्हणाले. "रोज. लिहून घ्या हो ते."

आणि सचिवाला कागद काढावाच लागला. आप्पांनी पाठ वाकवली, तिच्यावर कागद ठेवून साहेबांनी सही केली. ज्या सहीसाठी लोक तीनदा बंगल्यावर गेले होते, ती आप्पांच्या पाठीवर एका मिनिटात झाली.

सूर्य कलला होता. सचिवाने फोन लावला आणि फाट्याजवळच्या तुरीमागून, कच्च्या वाटेने धूळ उडवत, लांबलचक काळी मोटार थेट रानाच्या बांधापर्यंत आली. दार उघडलं तेव्हा आतला गारवा माझ्यापर्यंत पोचला, आणि मला तो हवाहवासा वाटला, हेही लिहून ठेवते. साहेब कुणाकडे न बघता निघाले. पण महानंदाने सोडलं नाही. जेवलेल्या पाहुण्याला डबा दिल्याशिवाय कसं पाठवायचं? तिने भज्जीने भरलेला मोठा डबा, तिच्या मामाने लग्नात दिलेला, उघड्या दारातून साहेबांच्या मांडीवर ठेवला. तसाच एक डबा गुरुनाथला दिला.

अर्ध्या तासाने हेलिकॉप्टर आमच्यावरून गेलं. सगळं रान वर बघत होतं. पोरांनी पुन्हा हात हलवले. महानंदा कपाळावर आडवा हात धरून म्हणाली, "माजा डबा चालला गं!"

आम्ही जे हसलो ते रान सोडून घरी येईपर्यंत हसत होतो.

लिंबाखाली

माझा परतीचा दिवस दुसराच होता. सकाळी सात वाजता मी आणि शाहिदा वाडीच्या जुन्या थांब्यावर, लिंबाखाली उभ्या होतो. तिच्या दोन दुरड्या, माझी एक पिशवी आणि महानंदाने दिलेला शेंगाच्या पोळ्यांचा डबा. गाडीची जुनी वेळ साडेसातची. माझ्या फोनमधे त्या पांढऱ्या मोटारवाल्याचा नंबर होता.

साडेसात झाले. पावणेआठ. शाहिदा म्हणाली, "आज न्हाय आली तर म्या पोराला फोन लावते. दुरड्या महानंदा वैनीकडं ठिवते." एवढंच बोलून ती रस्त्याकडे बघत राहिली. मी नंबर पुसून टाकला. त्याने गाडी येणार नव्हती हे मला माहीत होतं, पण तिच्या शेजारी तो जवळ ठेवून उभं राहवेना.

आठ वाजून गेले आणि पुलाजवळ लाल रंग दिसला. शाहिदा पटकन खाली वाकली, दुरडी उचलायला म्हणून, पण तिने डोळे पुसले ते मी पाहिलं. गुरुनाथने गाडी वळवली, खिडकीतून डबा बाहेर काढला आणि ओरडला, "वैनींचा डबा! पेढं हायत आत. आदी डबा, मंग गाडी." महानंदा हळदकुंकू घेऊन धावत आली. गाडीच्या नाकाला कुंकू लागलं, नारळ फुटला.

शाहिदाने दुरड्या रिकाम्या सीटवर ठेवल्या, खिडकीकडच्या. स्वतः कडेला बसली. पूल ओलांडला तरी एकही बांगडी किणकिणली नाही. मग तिने माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि हिरव्या बांगड्या भरायला लागली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "त्या दिशी पांढऱ्या गाडीतनं उतारलाव तुमी."

 "मग बोलली का नाहीस कुणाला?"

"पाव्हण्याला बोलत्यात व्हय?" ती बांगडी दाबत म्हणाली. "आन तुमी तर नुसतं स्वतासाठनं लपवलाव. कुनाची गाडी तर आडवली न्हाय."

तुरीजवळून गाडी गेली तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलंच नाही.

परत

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं, मोटारीसकट. ते फ्रिज उघडून काही न बोलता दूध काढायला लागले, म्हणजे माफी मिळाली असं मी धरून चालते. गारव्याचा मला राग नाही. म्हाताऱ्या गुडघ्यांनी मोटार करावी, कामाच्या माणसाने हेलिकॉप्टरही करावं. तुरीच्या आड ठेवू नये एवढंच.

परवा महानंदाचा फोन आला. गाडी रोज येते. लिंबाखाली साहेबांचा मोठा फलक लागला आहे, एसटीच्या खिडकीत हसणारा. शाहिदा त्याच्या सावलीत दुरड्या ठेवते. पुण्याला जाणं तिने रद्द केलं.

"आणि डबा?" मी विचारलं.

"सायबाचा न्हाय आला," ती म्हणाली. "मामानं दिलता गं. लग्नापासनं पैल्यांदा एक डबा गेला माजा."

फोन ठेवला आणि ओट्याकडे लक्ष गेलं. शेंगाच्या पोळ्या केव्हाच संपल्या होत्या. डबा घासून पालथा घातलेला, त्यावर महानंदाचं नाव. त्यात आता मी आंब्याच्या वड्या भरून ठेवल्या आहेत. सोलापूरहून लोहारा, लोहाऱ्याहून वाडी, दोन्ही गाड्यांच्या वेळा लिहून घेतल्या आहेत. फाट्यावर उतरणार नाही. लिंबाखाली उतरणार आहे.